पैठणीवर आर्टिकल सापडत नाहीयेत? डेटाबेसमध्ये शोधायचं कसं ते बघा

दरवर्षी प्रोजेक्टचे विषय ठरले की आमच्या लायब्ररीच्या काउंटरवर एक ठरलेला सीन होतो. टेक्स्टाइलची एखादी मुलगी येते, लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवते आणि म्हणते, मॅडम, पैठणीवर काहीच नाहीये हो यात. मी विचारते काय टाकलंस सर्चमध्ये? तर उत्तर ठरलेलं, "हिस्ट्री ऑफ पैठणी साडी". आणि मग खाली आलेले चार रिझल्ट, त्यातला एक कुठल्यातरी फॅशन शोचा, एक पुस्तक परीक्षण, दोन ज्यांचा पैठणीशी काही संबंध नाही. यात तिची चूक नाही, आपल्याला सगळ्यांना गूगलची सवय आहे. गूगलला तुम्ही अर्धवट, चुकीचं, कसंही सांगितलं तरी ते बिचारं अंदाज बांधून काहीतरी आणून देतं. डेटाबेस, म्हणजे लेखांचा ऑनलाईन साठा, तेवढा लाडावलेला नसतो, तुम्ही जी अक्षरं टाकली ती ज्या लेखात आहेत तो लेख साधारण तेवढाच देतो.

मी पुण्यात एका डिझाईन कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, त्याआधी स्वतः टेक्स्टाइल शिकलेय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मार खाल्लाय. तेच तेच दरवर्षी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. उदाहरण पैठणीचंच घेतेय कारण मला ते माहितेय, तुमचा विषय हिमरू असो, सावंतवाडीची गंजिफा असो की बिदरी, पद्धत तीच. एक आधीच सांगते, इंग्रजी स्पेलिंग मी इथे फोनवर सांगतात तशी एकेक अक्षर करून सांगणार आहे, थोडं विचित्र वाटेल, चालवून घ्या.

पहिलं काम: प्रश्न बारीक करा

"पैठणीचा इतिहास" हा प्रश्न नाही, तो शाळेतल्या निबंधाचा विषय झाला. त्यावर कोणी आर्टिकल लिहीत नाही, लिहिलं तरी ते तुमच्या कामाचं नसतं. "पदरावरचा मोर पैठणीत कधीपासून दिसतो", "येवल्यात रेशमाचं विणकाम कोणी आणि कसं वाढवलं", "पैठणीची वीण ब्रोकेडपेक्षा वेगळी कशी", असं काहीतरी हवं, ज्याचं नेमकं उत्तर देता येईल. प्रश्न नंतर बदलतोच, बदलू दे. पण सुरुवातीला कागदावर एक ओळ पाहिजे. मोबाईलच्या नोट्समध्ये नको, कागदावर, कारण सर्च करताना स्क्रीनवर जागा नसते आणि दहा टॅब उघडले की माणूस आपण कशाला आलो होतो तेच विसरतो.

दुसरं काम: शब्दांची यादी, आणि इथे घाई करू नका

माझं ऐकाल तर एकूण वेळेतला निम्मा वेळ इथे घाला. लॉगिन करायच्या आधी. कारण काय होतं ना, तुम्ही आज पुण्यात बसून "पैठणी" म्हणता, पण ज्याने १८८३ मध्ये लिहिलं त्याने तो शब्द वापरलाच असेल असं नाही, वापरला असेल तर स्पेलिंग वेगळं, आणि स्पेलिंग तेच असलं तरी गाव दुसऱ्याच राज्याखाली टाकलेलं. तो साहेब काय म्हणत होता ते तुम्हाला कळलं तरच तो सापडणार.

स्पेलिंगपासून सुरू करू. आज आपण पी-ए-आय-टी-एच-ए-एन-आय लिहितो. कुठे मधला एच गायब असतो, कुठे मधला ए. येवल्याचं तर वाय-ई-ओ-एल-ए, वाय-ई-व्ही-एल-ए, आणि व्हीच्या जागी डब्ल्यू, तिन्ही चालतात, जुन्या सरकारी कागदांत बहुतेक वेळा पहिलं. हिमरू शोधणाऱ्यांनी शेवटी डबल ओ आणि यू दोन्ही बघायचे. किनखाब, म्हणजे जरीचं भारी कापड, तर के-आय-एन-सी-ओ-बी असा लिहिलेला असतो, वाचताना वाटतं हा कुठला मक्याचा प्रकार.

मग वस्तूचं नाव. "साडी" टाकून बसलात तर जुनं अर्धं साहित्य हातातून जाईल. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांमध्ये (सरकारने काढलेली जिल्हावार माहितीची पुस्तकं) बाईचा पोशाख सांगताना साडीला सरळ "रोब" म्हटलंय आणि चोळीला "बॉडिस", धोतराला "वेस्टक्लॉथ". रोब म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर आंघोळीनंतरचा टॉवेलचा गाऊन येतो, त्यांच्या डोळ्यासमोर नऊवारी होती. शिवाय लुगडं, पीतांबर हे शब्द रोमन अक्षरांत. रेशमी पीतांबरासाठी येवल्याचं नाव होतं त्यामुळे येवल्याच्या बाबतीत पीतांबर हा शब्द यादीत हवाच हवा. साडीच्या इंग्रजी स्पेलिंगचीही भांडणं आहेत, डबल ई आणि शेवटी नुसता आय, दोन्ही टाका.

तिसरा थर तंत्राचा, आणि हा डिझाईनच्या मुलांना खरं तर सोपा जायला हवा. पैठणीच्या पदरावरची नक्षी ही टॅपेस्ट्री पद्धतीची, प्रत्येक रंगाच्या बाण्याची (आडव्या धाग्याची) वेगळी छोटी तिल्ली, शेजारच्या रंगाचा धागा एकमेकांत अडकवून पुढे जायचं, त्यामुळे मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. ब्रोकेडमध्ये जादाचा बाणा असतो आणि मागे सुटे धागे लोंबतात. म्हणजे तुमचे शब्द झाले टॅपेस्ट्री वीव्ह, इंटरलॉकिंग वेफ्ट, डिसकंटिन्युअस वेफ्ट. पण (हा पण महत्त्वाचा) जुन्या लेखकांपैकी अनेकांना हा फरक माहीत नव्हता किंवा फिकीर नव्हती, जरीकाम दिसलं की ते ब्रोकेड नाहीतर किनखाब म्हणून मोकळे व्हायचे. त्यामुळे चुकीचा शब्दही यादीत ठेवायचा. धूपछाँव, म्हणजे कोन बदलला की रंग बदलणारं कापड, शोधायचं तर "शॉट सिल्क". जरीसाठी झेड आणि जे दोन्ही, शिवाय "गोल्ड थ्रेड". हे सगळे शब्द एकदम आठवत नाहीत, तेव्हा गेटी इन्स्टिट्यूटचा आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस नेटवर फुकट आहे तो उघडा, एक शब्द टाकला की त्याचे भाऊबंद, वरची कॅटेगरी, खालची कॅटेगरी सगळं दाखवतो. मराठीतून उलटं जायचं असेल तर मोल्सवर्थचा कोश, १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७, शिकागो विद्यापीठाच्या साईटवर सर्च करता येतो. एखाद्या जुन्या कापडाच्या नावाला त्या काळात इंग्रजीत काय म्हणत ते तिथे कळतं, आणि एकदा शिरलं की तासभर बाहेर पडवत नाही हा त्याचा तोटा.

चौथा थर कोणीच धरत नाही आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. नकाशा. पैठण आणि येवला यांच्यात गाडीने फार अंतर नाही, पण इंग्रजांच्या काळात पैठण निजामाच्या राज्यात होतं आणि येवला मुंबई इलाख्यात, नाशिक जिल्ह्यात. म्हणजे येवल्याची माहिती बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटिअरमध्ये (नाशिकचा खंड १६ वा, १८८३ चा), आणि पैठणची औरंगाबाद जिल्ह्याच्या वेगळ्या गॅझेटिअरमध्ये, १८८४ चं, निजामाच्या मुलखाचं. मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्र झाला, त्यामुळे त्याआधीच्या साहित्यात "महाराष्ट्र" टाकून पैठण शोधणं म्हणजे बंद घराची बेल वाजवत बसणं. तिथे "हैदराबाद", "निझाम्स डोमिनियन्स", "डेक्कन" हे शब्द लागतात. आणि २०२३ नंतरच्या लेखांत औरंगाबादच्या जागी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेही यादीत. तीन राजवटी, एक साडी.

ही यादी मी एक्सेलमध्ये करायला सांगते, चार कॉलम: वस्तू, तंत्र, जागा, काळ. पंधरा-वीस शब्द झाले की पुढे चला.

तिसरं काम: कुठे शोधायचं

इथे नवीन मुलांचा गोंधळ असा की सगळे डेटाबेस एकसारखे वाटतात. साधारण तीन जाती आहेत. एक, ज्यात पूर्ण लेख मिळतो, जसं जेस्टोर. दोन, ज्यात फक्त नोंद आणि सारांश मिळतो, लेख दुसरीकडे शोधावा लागतो, जसं डिझाईन अँड अप्लाइड आर्ट्स इंडेक्स, जो प्रोक्वेस्ट नावाच्या साईटवर असतो आणि खास आपल्याच विषयाचा आहे, क्राफ्ट, टेक्स्टाइल, फर्निचर, सिरॅमिक्स सगळं. आणि तीन, जिथे जुनी पुस्तकं-मासिकं स्कॅन करून ठेवलीत, जसं इंटरनेट अर्काइव्ह. दुसऱ्या जातीत शोधताना "पीडीएफच नाहीये" म्हणून बंद करू नका, त्याचं काम लेख अस्तित्वात आहे हे सांगायचं. तेवढं कळलं की काउंटरवर या, आणायचं बघायला आम्ही आहोत. अनेक कॉलेज डेलनेटचे मेंबर असतात, दिल्लीचं नेटवर्क आहे, १९८८ पासूनचं, त्यातून दुसऱ्या लायब्ररीतून लेखाची कॉपी किंवा पुस्तक मागवता येतं. मुलं हे विचारतच नाहीत! आम्ही दिवसभर तिथेच बसलेलो असतो.

तुम्ही सरकारी कॉलेजात किंवा विद्यापीठात असाल तर १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, ३० प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स, त्यात टेलर अँड फ्रान्सिस आणि ऑक्सफर्ड आहेत. आपल्या कामाची जर्नल ऑफ मॉडर्न क्राफ्ट आणि टेक्स्टाइल टेलर अँड फ्रान्सिसकडची, जर्नल ऑफ डिझाईन हिस्टरी ऑक्सफर्डचं, त्यामुळे आपल्या संस्थेच्या यादीत ही उघडतात का ते बघा. खाजगी कॉलेजवाल्यांना पहिल्या टप्प्यात हे नाही, कॉलेज स्वतः जे घेईल ते. घरून उघडत नसेल तर आधी "साईट बंद आहे" असं समजू नका, कॅम्पसच्या वायफायवर आपोआप उघडतं आणि घरून वेगळं लॉगिन लागतं, ते लायब्ररीकडून घ्यायचं असतं. दर सेमिस्टरला निम्मे फोन ह्याचेच.

कॉलेजच नाही, नोकरी करताय, नुसती आवड आहे, तरी अडत नाही. जेस्टोरवर स्वतःचं फुकट खातं उघडलं की महिन्याला १०० पर्यंत लेख ऑनलाईन वाचता येतात, डाउनलोड होत नाहीत तेवढंच, आणि खूप जुने लेख तर खात्याशिवायही खुले आहेत. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली तिथे आहे, आणि हातमाग, विणकर, सहकारी संस्था, यंत्रमागाची स्पर्धा यावर त्यात जे आहे ते डिझाईनच्या कुठल्याच जर्नलमध्ये नाही. साडीवर प्रोजेक्ट करणाऱ्यांना वाटतं अर्थशास्त्राचं मासिक आपल्याला काय कामाचं, पण ती साडी विणणाऱ्याला मजुरी काय मिळते हे तिथेच सापडतं. इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज पूर्ण खुलं आहे, नैसर्गिक रंगांवर काम असेल तर आधी तिथे जा. शोधगंगावर भारतातले पीएचडी प्रबंध आहेत, मराठीतलेही. तिथे एक छोटी युक्ती, प्रबंध एका फाईलमध्ये नसतो, प्रकरणवार सुट्या पीडीएफ असतात, तर पहिलं प्रकरण उघडू नका, शेवटची संदर्भसूचीची फाईल आधी उघडा. कोणीतरी तीन-चार वर्षं घालवून तुमच्यासाठी यादी करून ठेवलीय.

मराठीतून शोधताना अजून एक खड्डा. जुने मराठी प्रबंध ज्या फॉन्टमध्ये टाईप झालेत तो युनिकोड नाही, त्यामुळे पीडीएफमध्ये अक्षरं डोळ्याला मराठी दिसतात पण कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा पडतो. अशा फाईलमध्ये "पैठणी" शोधून शून्य आलं तर शून्य समजू नका. शीर्षक आणि विषयावरून शोधा आणि आत डोळ्यांनी वाचा, दुसरा इलाज नाही.

चौथं काम: सर्च टाकणं

आता एक्सेलची यादी उघडा. नियम फार थोडे आहेत. एकाच कॉलममधले शब्द ऑरने जोडायचे आणि कंसात टाकायचे, दोन कॉलम एकमेकांना अँडने जोडायचे. म्हणजे पहिल्या कंसात पैठणीची सगळी स्पेलिंग्ज आणि पैठण, मध्ये ऑर ऑर, मग अँड, मग दुसऱ्या कंसात सिल्क ऑर ब्रोकेड ऑर टॅपेस्ट्री ऑर वीव्हिंग. अँड-ऑर कॅपिटलमध्ये टाईप करा, काही ठिकाणी लहान अक्षरात चालत नाही. दोन शब्द एकत्रच हवे असतील, शॉट सिल्क वगैरे, तर दुहेरी अवतरणात. स्पेलिंगची शंका असेल तिथे चांदणी लावायची, म्हणजे स्टार, शब्दाचं मूळ लिहून पुढे चांदणी लावली की त्यापुढचं काहीही चालतं. पण फार लवकर लावू नका, पी-ए-आय-टी एवढ्यावरच चांदणी लावलीत तर ज्योतिषातला पैतामह सिद्धांतही येऊन बसेल शेजारी.

नुसतं "पैठण" टाकलं की दुसरी मजा होते. सातवाहनांची नाणी, उत्खनन, संत एकनाथ, सगळे दर्शन देतात. मुलं लगेच नॉट वापरायला जातात, नॉट एकनाथ, नॉट कॉइन्स. मी सहसा नको म्हणते, कारण पैठण गावावरच्या ज्या एका चांगल्या लेखात विणकरांवर दोन पानं आहेत त्यात एकनाथांचं नाव येणारच, तो लेखही कचऱ्यात जाईल. त्यापेक्षा दुसरा कंस घट्ट करा. किंवा शब्दांमधलं अंतर बांधून द्या: जेस्टोरमध्ये दोन शब्द अवतरणात टाकून बाहेर टिल्ड (~ हे चिन्ह) आणि १० लिहिलं की ते दहा शब्दांच्या आत असलेलेच लेख येतात, एब्स्को नावाच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये दोन शब्दांच्या मध्ये एन-५ लिहितात, प्रोक्वेस्टमध्ये निअर, तिरकी रेघ, ५. जेस्टोर डीफॉल्टने लेखाच्या पोटातलं सगळं शोधतो त्यामुळे तिथे हे फार उपयोगी, कारण एका पानावर पैठण आणि चाळीस पानांनंतर सिल्क असा लेख आपल्याला नकोच असतो.

दरवेळी काय टाकलं, कुठे टाकलं, किती आले, एका ओळीत लिहून ठेवा. कंटाळा येतो माहितेय. पण दोन आठवड्यांनी गाईड विचारतात हे शोधलंस का, तेव्हा "शोधलं होतं बहुतेक" म्हणण्यापेक्षा वही पुढे करणं बरं.

पाचवं, रिझल्ट आल्यावर

डाव्या बाजूला फिल्टर असतात. "पीअर रिव्ह्यूड" (छापण्याआधी इतर जाणकारांनी तपासलेलं) वर टिक करा असं सगळीकडे शिकवतात आणि विज्ञानाला ते ठीकच आहे, क्राफ्टमध्ये मात्र मी लगेच करू देत नाही. प्रदर्शनाचे कॅटलॉग, संग्रहालयांची बुलेटिन, मुंबईहून १९४६ मध्ये मुल्कराज आनंदांनी सुरू केलेलं मार्ग मासिक, ही आपल्या विषयाची खरी शिदोरी, आणि ह्या टिकने ती उडते. पुस्तक परीक्षणं आली तर वैतागू नका. परीक्षण म्हणजे दोन पानांत एका पुस्तकाची चव, आणि त्या पुस्तकात काय कमी आहे तेही कोणीतरी जाणकाराने सांगितलेलं असतं.

लेख उघडला की पहिल्या ओळीपासून वाचायला बसू नका. आधी चित्रं आणि त्याखालच्या ओळी, मग तळटीपा, मग शेवट. चित्राखाली वस्तू कुठल्या संग्रहालयात आहे आणि तिचा नंबर काय ते असतं, तो नंबर संग्रहालयाच्या साईटवर टाकायचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या ऑनलाईन नोंदींत बऱ्याचदा खाली त्या वस्तूवर कुठे कुठे लिहून आलंय त्याची यादी असते. म्हणजे वस्तूवरून लेख, लेखावरून वस्तू, असं दोन्हीकडून जाता येतं.

सहावं: मागे मागे जाणं

आता माझी फजिती सांगते. माझ्या स्वतःच्या डिप्लोमा प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर मी ठोकून दिलं होतं की पैठणी दोन हजार वर्षं जुनी, सातवाहनकाळी पैठणचं कापड रोमला जात होतं, वगैरे. सगळीकडे तेच लिहिलेलं असतं, ब्रोशरमध्ये, वेबसाईटवर, दुकानाच्या पिशवीवरसुद्धा. परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, हे कुठे लिहिलंय? मी ज्या लेखाचं नाव दिलं होतं त्यांनी तो वाचलेला होता, आणि त्या लेखात दुसऱ्या लेखाचा हवाला होता, आणि त्या दुसऱ्यात हवालाच नव्हता. मी घामाघूम.

नंतर लाज वाटून मी ते शोधायला बसले, आणि तेव्हा कुठे मला डेटाबेस म्हणजे काय ते कळलं. धागा धरून मागे मागे गेलं की शेवटी पोचतो पेरिप्लस नावाच्या ग्रीक ग्रंथापाशी, इसवीसनाच्या पहिल्या शतकातला, तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेला. त्याचं शॉफने केलेलं १९१२ चं इंग्रजी भाषांतर इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे, तो परिच्छेद ५१ वा. त्यात दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठा येतात, पैठण आणि तगर, दोन्हीकडून माल गाड्यांवर लादून भडोचला जातो. आता गंमत बघा, पैठणहून काय जातं? दगड! शॉफच्या भाषांतरात कार्नेलियन, म्हणजे अकीक जातीचा. आणि कापड, साधं सुती, मलमली, ते जातं तगरहून. तगर म्हणजे आजचं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं, ही ओळख फ्लीट नावाच्या अभ्यासकाने १९०१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडली, तो लेखही मिळतो.

याचा अर्थ पैठणला तेव्हा विणकाम नव्हतं असा नाही, एका ओळीवरून तेवढं म्हणता येत नाही. पण "पेरिप्लसमध्ये पैठणीचा उल्लेख आहे" असं जे लोक लिहितात त्यांनी तो उघडून बघितलेला नाही एवढं नक्की म्हणता येतं. रेशमाचं, जरीचं, आज आपण जिला पैठणी म्हणतो तसल्या विणीचं तिथे काहीही नाही. माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टमध्ये अशी एक गोष्ट जरी स्वतः मुळापर्यंत जाऊन तपासलेली असली तर बाकीची चाळीस पानं माफ.

तर पद्धत अशी: लेखात एखादं ठाम विधान दिसलं की त्याची तळटीप बघा, तिथला लेख उघडा, त्यातली तळटीप बघा, असं जिथे थांबतं तिथपर्यंत. उलटी दिशाही असते, गूगल स्कॉलरवर लेखाखाली "सायटेड बाय" असतं, त्यावरून त्या लेखानंतर कोणी काय म्हटलं ते कळतं. आणि हो, चॅटबॉटला संदर्भ विचारायचे असतील तर विचारा, पण मागच्या वर्षी एका मुलाने आणलेल्या यादीतले काही लेख जगात कुठेच नव्हते, नाव झकास, जर्नल खरं, पान नंबरसुद्धा दिलेला. मी अर्धा दिवस शोधत होते.

जुन्या स्कॅनमध्ये शोधताना

इथे मशीनवर विश्वास कमी. स्कॅन केलेल्या पानाची अक्षरं कॉम्प्युटर ओळखतो आणि मग आपण त्यात शोधतो, पण बॉम्बे गॅझेटिअरमध्ये नाशिकच्या "ना"मधल्या ए या अक्षरावर एक तिरकी रेघ आहे, उच्चार दाखवायला, आणि कॉम्प्युटर ते अक्षर बऱ्याचदा डी समजतो. म्हणजे तुम्ही नाशिक शोधताय आणि फाईलमध्ये बसलंय एन-डी-एस-आय-के. पटत नसेल तर करून बघा. त्यामुळे जुन्या पुस्तकात ज्या शब्दावर रेघ नाही असा शब्द शोधायचा, सिल्क, लूम, डाय, असा, किंवा सरळ मागच्या सूचीचं पान उघडून नंबर बघायचा, आजोबांच्या काळात बघायचे तसं.

इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची भरपूर मराठी पुस्तकं आहेत पण नावं रोमनमध्ये, जशी सुचली तशी लिहिलेली. एकाच नावाला तीन-चार स्पेलिंग्ज करून बघा. तिथे बसलाच आहात तर जर्नल ऑफ इंडियन आर्ट बघून घ्या, १८८४ ला सुरू होऊन १९१७ पर्यंत चाललेलं, त्याच्यामागे लॉकवुड किपलिंग, रुडयार्डचे वडील, जे लाहोरला जायच्या आधी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. त्यातले रंगीत छाप बघताना प्रोजेक्ट विसरायला होतं. फोर्ब्स वॉटसनचं १८६६ चं भारतीय कापडावरचं पुस्तकही तिथे मिळतं. ह्याच माणसाने खऱ्या कापडाचे ७०० तुकडे कापून १८ खंडांत चिकटवले आणि असे २० संच केले, विलायतेतल्या गिरणीवाल्यांना इथलं गिऱ्हाईक काय नेसतं ते कळावं म्हणून. वाचताना हे डोक्यात ठेवा, लिहिणाऱ्याला विणकराचं कौतुक असेलही, पण माल कोणाचा खपवायचा होता ते उघड आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथ संजीवनी नावाचं डिजिटल पोर्टलही आहे, जुन्या मराठी-इंग्रजी साहित्यासाठी तिथेही डोकवा.

सातवं, ठेवायचं कसं

झोटेरो, संदर्भ सांभाळून ठेवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, देवनागरी नीट घेतं, ब्राउजरमध्ये बटण बसवलं की लेखाच्या पानावर एक क्लिक आणि नाव-साल-पान सगळं आत. ऑनलाईन जागा ३०० एमबीच फुकट आहे म्हणून मोठे स्कॅन आपल्या कॉम्प्युटरवर ठेवा. स्क्रीनशॉटच्या फोल्डरला संदर्भ म्हणत नाहीत, एवढंच सांगते. प्रत्येक नोंदीत एक ओळ स्वतःची लिहायची, हा लेख मला कशाला हवा होता. नुसतं "छान" लिहिणाऱ्या मुली बघितल्यात मी, सबमिशनच्या आदल्या रात्री त्यांना ते छान का होतं ते आठवत नाही.

फील्ड व्हिजिटला येवल्याला किंवा पैठणला जाणार असाल तर ह्या सगळ्यातली चांगली चित्रं मोठ्या साईजमध्ये प्रिंट करून न्या, फोनवर दाखवू नका, माग चालू असताना कोणी तुमचा फोन हातात घेऊन झूम करत बसणार नाही. प्रिंट समोर ठेवली की तिथले लोक आपोआप बोलतात, हा काठ अमुक, ह्या बुट्टीला आमच्यात तमुक म्हणतात, हे चित्र उलटं छापलंय. जे नाव कळेल ते त्याच प्रिंटच्या मागे पेन्सिलीने, ज्यांनी सांगितलं त्यांना विचारून त्यांचं नाव आणि तारीख घालून लिहा, आणि परत आल्यावर एक्सेलमध्ये पाचवा कॉलम करा. मग त्या शब्दाने पुन्हा एकदा सर्च. बहुतेक वेळा काही येत नाही. आलं तर मला काउंटरवर येऊन सांगा, मी दुपारी दोन ते अडीच जेवायला जाते, ते सोडून कधीही.